‘शिवकालीन कट्यार’ नव्हे, ती जावाची केरिस

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या आतल्या पानावर एक फोटो आला होता. जुनं घर पाडताना माळ्यावर सापडलेलं नागमोडी पातं, ते दोन्ही तळहातांवर आडवं धरलेला एक तरुण आणि वर मथळा ‘शिवकालीन कट्यार सापडली’. खालच्या बातमीत तीन गोष्टी होत्या. पात्याला बारा वळणं आहेत, ते विषात बुडवलेलं असावं आणि जाणकारांच्या मते ते साडेतीनशे वर्षांपूर्वीचं आहे.

ती कट्यार नाही. कट्यारीला दोन उभ्या दांड्यांमध्ये आडवी मूठ असते, ती मुठीत धरून ठोसा मारावा तशी चालवतात. शिवकाळाशीही तिचं नातं दिसत नाही. विषाची गोष्ट अर्धी खरी आहे, ती पुढे सांगतो. आणि वळणं बारा नसणार. ही इंडोनेशियातल्या जावा बेटावरची केरिस, म्हणजे तिथला खंजीर आहे. इतक्या ठामपणे लिहितोय, कारण तिची एक बहीण दोन वर्षांपासून माझ्या कपाटात आहे, आणि ती ओळखताना मी स्वतः जेवढ्या चुका केल्या तेवढ्या आपल्या बातमीदारानेही केलेल्या नाहीत.

मी जालन्याच्या एका रोलिंग मिलच्या लॅबमध्ये एकतीस वर्षं काढली. सळईचे तुकडे वाकवायचे, तोडायचे, मोडलेली जागा भिंगातून बघायची, हे माझं काम. इतिहासाशी संबंध दिवाळी अंकापुरताच. निवृत्तीनंतरही लोखंड बघितल्याशिवाय करमत नाही, म्हणून जुन्या जालन्यात कुंडलिकेच्या अलीकडच्या एका भंगाराच्या दुकानात आठवड्यातून एक चक्कर असतेच. भट्ट्यांना ट्रकने येतं ते भंगार निराळं. इथलं घरगुती असतं: कूलरची टपं, सायकलची मडगार्डं, फाळ, विळे, हँडल तुटलेल्या इस्त्र्या.

त्या दिवशी फाळांच्या ढिगातून एक वाकडी लाकडी मूठ वर आली होती. मी हात घालायच्या आतच गल्ल्यावरचे चाचा बोलले, “अजी साब, उसको काटे पे नको रखो. वो लोखंड के भाव का माल नइ है.” चारशे सांगितले, तीनशे आणि दोन चहा यावर तुटलं. म्यान कुठंय विचारलं तर म्हणाले, लकडी सड गई थी, फेंक दी. ऊपर पीतल की नक्षीदार नली थी, वो कल पीतल में गई.

ती पितळी नळी म्हणजे म्यानावर चढवायचं आवरण. जावात त्याला पेंडोक म्हणतात, हे मला पुढे दोन महिन्यांनी कळलं. तोवर तिच्या तोट्या झाल्या असतील. माल कुठून आला, एवढं मात्र चाचांना आठवत होतं: अंबडकडचा एक पाडलेला वाडा. घर कुणाचं ते त्यांनी विचारलं नव्हतं. भंगारवाला ते विचारत नसतो, विचारूही नये.

घरी आणून फूटपट्टी लावली. मूठ सोडून पातं चौदा इंच. टोकाकडे बोटाएवढं निमुळतं आणि मुठीजवळ एकदम पसरट, पण एकाच बाजूला. दुसरी बाजू आखूड. आपल्याकडचे खंजीर-जांबिये मधून दुमडले तर दोन्ही अंगं सारखी यावीत असे असतात. हे पातं मुळातच तिरकं बेतलेलं. आखूड बाजूला लोखंडाचीच एक छोटी सोंड वळून वर आलेली, तिच्याखाली ओठासारखं एक टोक. लांब बाजूला करवतीचे चार-दोन दाते. मुठीजवळ पात्यात अंगठ्याचं पेर बसेल एवढा खळगा. मी समजलो, कुणी हौशी लोहाराने केलेली नक्षी असेल. त्या प्रत्येक उंचवट्याला जावात स्वतंत्र नाव आहे. सोंडेखालच्या त्या टोकाला ‘लांबे गजाह’ म्हणतात, म्हणजे हत्तीचा ओठ. त्यातला ‘गज’ आपलाच, ते सांगायला नको.

आता माझी पहिली चूक. पात्याच्या अगदी बुडाशी आडवी बारीक रेघ होती. मिलमध्ये आयुष्य गेलेल्या माणसाला रेघ दिसली की तो तडा. मी मनातल्या मनात माल रिजेक्ट करून टाकला. पण भिंगाखाली धरल्यावर रेघ इतकी सरळ आणि घट्ट निघाली की तडा एवढा शिस्तीत जात नाही हे लक्षात आलं. तो वेगळा घडवलेला तुकडाच आहे. पात्याच्या मागे मुठीत जाणारी जी खीळ असते, तिच्यात ओवून तो बुडाशी बसवतात. त्याला गंजा म्हणतात. (काही पात्यांत गंजा आणि पातं एकाच लोखंडाचं असतं, पण तिथंही रेघ कोरून दाखवतात.) तुमच्या फोटोत ही रेघ स्पष्ट दिसते आहे. तिरकं बूड, सोंड आणि रेघ एकत्र दिसली की केरिस म्हणायला हरकत नाही. नागमोडीपणावर मात्र जाऊ नका. आपल्याकडेही नागमोडी पात्याची शस्त्रं होती, आणि जावातल्या कितीतरी केरिस अगदी सरळ असतात.

मूठ हलकी फिरवली तर निघूनच आली. ना खिळा, ना लाख. पात्याची खीळ बोटभर लांब, तिच्यावर कापडाची चिंधी गुंडाळलेली आणि त्या घट्टपणावर मूठ बसवलेली. जावाची रीतच तशी आहे, मूठ काढून पातं धुता यावं म्हणून. मुठीच्या आतल्या अंगाला दोन कोरीव नक्ष्या आहेत. डोळे किलकिले करून पाहिलं की त्यात बारीक चेहरे दिसतात. मध्य जावातल्या मुठीची ही खूण. मलायातल्या (आजच्या मलेशियातल्या) किंवा सुलावेसी बेटावरच्या बुगी लोकांच्या मुठी निराळ्या दिसतात.

चिंधी खाकी होती. तिच्याकडे पुन्हा येतो.

आता लोखंड. पात्यावर काळ्या अंगात करड्या-पांढऱ्या ठिपक्यांची, वेलांट्यांची दाटी होती, कुणी मूठभर तांदूळ फेकल्यासारखी. आमच्या गल्लीच्या टोकाला खुरपी-विळे करणारे एक वृद्ध लोहार आहेत. त्यांनी पातं उन्हात तिरपं धरलं, नख फिरवलं आणि म्हणाले, “ही घडीची पोळी आहे. दोन पिठांची.” इतकं नेमकं मला कुठल्याच पुस्तकात सापडलं नाही. साधं लोखंड आणि निकेल असलेलं लोखंड एकमेकांवर ठेवून तापवायचं, ठोकून जोडायचं, दुमडायचं, पुन्हा ठोकायचं. मधे पोलादाची पट्टी, तिची धार होते. या पदरांच्या नक्षीला पामोर म्हणतात आणि प्रत्येक तऱ्हेला नाव आहे. माझ्या पात्यावरची तऱ्ह ‘बरास वुताह’ या नावाची, अर्थ: सांडलेले तांदूळ. ‘उदान मास’ म्हणजे सोन्याचा पाऊस, तीही एक.

जुन्या सहकाऱ्याच्या ओळखीने भंगार तपासायच्या एक्स-रे गनखाली पातं धरून पाहिलं. लॅबमधल्या स्पेक्ट्रोवर, म्हणजे ठिणगी पाडून धातूत काय आहे ते सांगणाऱ्या यंत्रावर, मी ठेवू दिलं नाही, कारण त्यात डाग पडतो. पांढऱ्या जागांवर निकेल दिसलं, काळ्यावर नाही. ही गोष्ट चौकात गेली आणि दुसऱ्या दिवशी एक गृहस्थ सांगत आले की हे लोणारच्या उल्केचं लोखंड! लोणार आमच्या शेजारचं म्हणून आभाळातलं सगळं लोखंड लोणारचं होत नाही. जावात प्रांबाननच्या देवळांजवळ पडलेल्या एका उल्केचा मोठा तुकडा अठराव्या शतकाच्या अखेरीस सुरकार्ताच्या राजवाड्यात आणला गेला, आणि तिथल्या एंपूंनी, म्हणजे केरिस घडवणाऱ्या कारागिरांनी, त्यातलं लोखंड वापरलं. हे खरं आहे. पण निकेल असलेलं लोखंड सुलावेसी बेटावरूनही येई, आणि पुढे कारखान्यातलं शुद्ध निकेलही वापरलं गेलं. निकेल आहे म्हणून उल्का, हा निष्कर्ष माझ्या लॅबच्या रजिस्टरमध्ये मी कधी लिहिला नसता.

विषाकडे येतो. पातं काळं आणि नक्षी पांढरी दिसते ती आपोआप नाही. जावात पातं लिंबाच्या रसाने स्वच्छ करतात आणि मग सोमलाच्या (आर्सेनिकच्या) जातीचं खनिज लिंबाच्या रसात खलून त्यावर चढवतात. त्याला वारांगान म्हणतात. त्यात लोखंड काळं पडतं, निकेलला काही होत नाही, म्हणून पामोर उठून दिसतो. तेव्हा बातमीतलं ‘विष’ तिथं होतंच, पण ते शत्रूसाठी नव्हे, शोभेसाठी. आपल्या पोथ्या लिहिणाऱ्यांकडेही सोमलाचा एक भाऊबंद असायचा, हरताळ. चुकलेल्या अक्षरावर पिवळा हरताळ फासला की ते दिसेनासं होई, त्यावरून आपला वाक्प्रचार आला. माझ्या हातून काय झालं ते याच्या अगदी उलट. मी हरताळ काढून टाकला.

झालं असं की आणल्यानंतर आठवडाभरातच मला वाटलं, टोकाकडे गंज धरलाय, जरा पॉलिश करून घ्यावं. मी लॅबचा माणूस, मला एवढं कळायला हवं होतं. एका बफिंगवाल्याकडे दिलं आणि पैसे सुटे करायला शेजारच्या टपरीवर गेलो. परत येईपर्यंत टोकाकडची दोन इंच जागा स्टीलच्या ताटलीसारखी चकचकीत झाली होती. तो मुलगा खूश, “काका, बघा की कसलं निघालं!” त्याची काय चूक? मीच “चांगलं चमकव” म्हणालो होतो. नक्षी पुसली गेली, काळेपणा गेला, आणि त्या दोन इंचांवरची वळणाची कडही बोथट झाली. ती जागा आजही तशीच आहे. वारांगान पुन्हा चढवण्याचा खेळ घरच्या स्वयंपाकघरात करायचा नसतो. सोमल काय करतो ते आमच्या पिढीला सांगायला नको.

तेव्हा त्या तरुणाला आपल्या पत्रातून कृपया निरोप द्या: चिंच, लिंबू, राख, पॉलिश पेपर, काही म्हणजे काही लावायचं नाही. शिलाई मशीनच्या तेलाचा बोटभर हात, मऊ फडकं, बस. खोबरेल नको, ते चिकट होतं. पात्याला हात लावल्यावर साबणाने धुवा आणि लेकरांच्या हाती देऊ नका. आमच्या घरून मला ताकीद निराळ्या कारणाने मिळाली होती, “अहो, ते उघडं पातं देवघराच्या खोलीत नको. कुणाचं काय असतं त्यावर.” गंमत अशी की जावातही लोकांचं मत हेच आहे. तिथं केरिसला घरातल्या वडीलधाऱ्यासारखा मान असतो आणि वर्षातून एकदा, सुरो महिन्यात, तिला विधिपूर्वक स्नान घालतात. आपल्या खंडेनवमीच्या शस्त्रपूजेसारखंच, फक्त महिना मोहरमचा. ‘सुरो’ हा शब्द आशुऱ्यावरून, म्हणजे मोहरमच्या दहाव्या दिवसाच्या नावावरून आला.

आणि या पंचांगात आपल्या मराठवाड्याचं एक देणं बसलेलं आहे. जावातले लोक पूर्वी शक मोजत. आपण पैठणच्या शालिवाहनाच्या नावाने मोजतो तोच शक. १६३३ साली तिथल्या सुलतान आगुंगने चांद्र महिने स्वीकारले, मोहरमपासून वर्ष धरलं, पण वर्षाचा आकडा मोडला नाही. शके १५५५ चालू होता, तिथूनच पुढे मोजणी ठेवली. एका पंचांगात पैठणही आणि करबलाही. बहुतेक केरिसवर ना साल असतं, ना घडवणाऱ्याचं नाव. ॲम्स्टरडॅममधल्या संग्रहालयात जी एक प्रसिद्ध जुनी केरिस आहे तिच्यावर मात्र साल आहे, आणि ते शके १२६४ असं आहे, म्हणजे इ. स. १३४२. तुमच्या जाणकारांनी फोटो बघून ‘साडेतीनशे वर्षं’ सांगितलं, त्यांना हे जरूर कळवा.

मध्य जावात सुकुह नावाचं पंधराव्या शतकातलं देऊळ आहे. तिथं दगडात एक लोहारशाळा कोरली आहे. भीम पातं घडवतोय, अर्जुन भाता मारतोय आणि मधोमध गणपती नाचतोय. राजूरच्या गणपतीला चतुर्थीला चालत जाणाऱ्या आमच्यासारख्यांना हे चित्र पहिल्यांदा बघताना जे वाटतं ते मी लिहून दाखवू शकत नाही. नातीने मोबाइलवर मोठं करून दाखवलं तेव्हा मी आधी भाता बघितला. उभ्या नळ्यांत दट्ट्या खालीवर करायचा भाता आहे, आपल्या लोहारांच्या कातडी भात्यासारखा नाही.

अंबडला जावाची केरिस आली कशी? लोक हाच प्रश्न आधी विचारतात. खाकी चिंधीवरून मी पहिल्या दिवशी एक फौजी उभा केला. मराठवाडा तेव्हा निजामाकडे होता आणि १९४१ च्या डिसेंबरात जपानी मलायात कोटा भारूला उतरले तेव्हा विमानतळावर हैदराबाद संस्थानची पलटण होती. पण तो मलाया, आणि माझी मूठ मध्य जावाची. १९४५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात जावातल्या सुराबायाला मोठी लढाई झाली. तिथं ब्रिटिशांच्या हिंदी फौजेत मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तुकड्या होत्या. हे जास्त जुळतं. पण खाकी कापड एसटीच्या कंडक्टरच्या अंगावरही असायचं, आणि वाड्यातल्या कुणीही नंतर मूठ सैल झाली म्हणून चिंधी बदलली असेल. चिंधीवरून फौजी उभा करणं आणि फोटोवरून शिवाजी महाराजांपर्यंत जाणं, दोन्ही एकाच जातीचं. म्हणून मी लोकांना एवढंच सांगतो: अंबडकडचा वाडा, भंगार, तीनशे रुपये.

आपल्या बातमीतलं घर तर माहीत आहे. त्या घरात कुणी पलटणीत होतं का, जहाजावर होतं का, हैदराबादला नोकरीला होतं का, हे त्या तरुणाच्या आजीला विचारता येईल. ते आज विचारलं तर कळेल. हॉलंडमधल्या लायडनच्या संग्रहालयात दिपोनेगोरो या जावाच्या राजपुत्राची केरिस होती. १८२५ ते १८३० अशी पाच वर्षं तो डचांशी लढला. त्याची केरिस कुठली हे ओळखायला संग्रहालयाला जुनी कागदपत्रं चाळावी लागली आणि अखेर २०२० साली ती इंडोनेशियाला परत गेली. ओळख पटली ती राडेन सालेह या जावाच्या चित्रकाराने पूर्वी लिहून ठेवलेल्या टिपणाच्या आधारावर. तेव्हा टिपण लिहून ठेवा. साध्या वहीत, तारखेसह.

एक सावधगिरीही सांगतो, कारण आता असलं काही विकत घ्यायला लोक धावतील. बाजारात पर्यटकांसाठी केलेल्या केरिस भरपूर आहेत. त्या एकसारख्या जाडीच्या पत्र्याच्या असतात, वळणं कापून काढलेली, नक्षी ॲसिडने वरवर उठवलेली आणि मुठीला लाल-हिरवे खडे. जुनं पातं बुडाशी जाड, टोकाकडे निमुळतं आणि हातात धरलं की अपेक्षेपेक्षा हलकं लागतं, कारण कित्येक पिढ्यांच्या धुण्याने ते झिजलेलं असतं. नक्षीवर नख फिरवलं की पदर लागतो.

कायद्याचंही बघून घ्यावं. नऊ इंचांहून लांब पातं म्हटलं की शस्त्र कायद्याचा प्रश्न येऊ शकतो, म्हणून मी पोलीस ठाण्यात अर्ज देऊन पोच घेतली. जमादारांनी पातं बघून “याने भाजी तरी चिरते का?” असं विचारलं, पण शिक्का दिला. शंभर वर्षांहून जुनी वस्तू असेल तर १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येते, ती परदेशी विकायला परस्पर पाठवता येत नाही. संभाजीनगरच्या विद्यापीठात इतिहासाचं वस्तुसंग्रहालय आहे, धाराशिव जिल्ह्यात तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर गोळा केलेल्या वस्तूंचं शासकीय संग्रहालय आहे. तिथं दाखवायला हरकत नाही. तेरची हस्तिदंती मूर्ती आणि इटलीत पाँपेईला सापडलेली मूर्ती बहिणी-बहिणी शोभतात. तेव्हा समुद्रापलीकडची वस्तू मराठवाड्यात सापडली म्हणून ती कमी प्रतीची होत नाही, आणि तिला मान मिळावा म्हणून शिवकालीन म्हणायचीही गरज नाही.

राहिली वळणं. वळणाला लुक म्हणतात आणि ते मोजायची रीत आहे. सोंडेच्या बाजूला पहिलं वळण धरायचं, मग समोरच्या बाजूचं, मग पुन्हा अलीकडचं, असं आळीपाळीने टोकापर्यंत. आकडा नेहमी विषम येतो. तीन, पाच, सात, नऊ, अकरा, तेरा. सम आला तर मोजणाऱ्याचं चुकलं. माझ्या पात्याला मी पहिल्यांदा आठ मोजली होती. बुडाजवळचं पहिलं वळण अगदी हलकं असतं, ते नजरेतून सुटतं. तुमच्या फोटोत त्या तरुणाचा अंगठा नेमका तिथेच आहे. त्याला अंगठा बाजूला करून पुन्हा मोजायला सांगा आणि तेरा निघाली तर दोन ओळी छापा.

आपला,
एक वाचक (निवृत्त लॅब असिस्टंट), जुना जालना